अमेरिकेचे जुने चांदीचे अर्धे डॉलर : संग्रह आणि ग्रेडिंग

चंदेरी

शिवराई आणि ब्रिटिश रुपयांवर इथे भरपूर लिहिलं गेलंय. पण अमेरिकेतल्या मंडळींना जवळच्या नाण्यांच्या दुकानात, इस्टेट सेलमध्ये किंवा एखाद्या आजोबांच्या सिगारच्या डब्यात जे सापडतं, त्यावर जवळजवळ काहीच नाही. म्हणून हा धागा चांदीच्या अर्ध्या डॉलरवर. भर ग्रेडिंगवर ठेवते, कारण पैसे वाचतात ते तिथे आणि बुडतात तेही तिथेच.

ओळख थोडक्यात. १७९२ च्या टांकसाळ कायद्याने हे नाणं मंजूर झालं आणि फिलाडेल्फियात १७९४ साली पहिलं पडलं. मोकळ्या केसांची लिबर्टी (स्वातंत्र्याचं स्त्रीरूप) १७९४-९५, वस्त्र पांघरलेली ड्रेप्ड बस्ट १७९६ ते १८०७, टोपीवाली कॅप्ड बस्ट १८०७ ते १८३९, बसलेली म्हणजे सीटेड लिबर्टी १८३९ ते १८९१, चार्ल्स बार्बर यांचा मुखवटा १८९२ ते १९१५, अडॉल्फ वाइनमन यांची चालती लिबर्टी १९१६ ते १९४७. पुढे फ्रँकलिन आणि केनेडी. केनेडीचं फक्त १९६४ चं नाणं ९० टक्के चांदीचं, १९६५ ते १९७० ची ४० टक्के, आणि १९७१ पासून चलनातल्या नाण्यात चांदीच नाही. या धाग्यापुरती मी वाइनमनपाशी थांबते.

बार्बर आणि चालत्या लिबर्टीचं वजन १२.५० ग्रॅम, व्यास ३०.६ मिमी, चांदी ९० टक्के. हे आकडे पाठ करून ठेवा.

आता ग्रेड, म्हणजे नाणं किती चांगल्या स्थितीत आहे ते. आकडा १ ते ७० मधला असतो. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तो जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडला. तेव्हा कल्पना अशी होती की १ ग्रेडच्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तरपट ७० ला. ते गणित केव्हाच मोडलं, आकडे राहिले. ४ म्हणजे गुड, ८ व्हेरी गुड, १२ फाइन, २० पासून व्हीएफ (व्हेरी फाइन), ४० पासून एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), ५० ते ५८ एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड, जवळपास न वापरलेलं), आणि ६० पासून पुढे एमएस (मिंट स्टेट), म्हणजे कधीच न वापरलेलं. 'गुड' या नावावर जाऊ नका. गुड-४ चं नाणं चांगलंच झिजलेलं असतं.

नाणं हातात आलं की नवा संग्राहक आधी झीज शोधतो. मी सांगेन, आधी पृष्ठभाग बघा आणि झीज मग. मूळ पृष्ठभाग टिकलेलं फाइन-१२ नाणं मी घासून लखलखीत केलेल्या एक्सएफपेक्षा कधीही आधी उचलेन. झीज म्हणजे नाण्याने केलेलं काम, ते सगळ्यांना मान्य असतं. घासण्याला मात्र माफी नाही. ग्रेडिंग कंपनी अशा नाण्याला आकडा देत नाही, नुसतं 'डिटेल्स' लिहून 'क्लीन्ड' असा शेरा मारते, आणि विकायला गेलात की तो शेरा फार जड पडतो.

बघायचं कसं? खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि एकच साधा टेबललॅम्प ठेवा. नाणं कडेने धरा, दिव्याखाली थोडं कलतं करा आणि सावकाश फिरवत राहा. न वापरलेल्या मूळ नाण्यावर प्रकाशाचे दोन पट्टे मध्यातून कडेपर्यंत गेलेले दिसतात आणि ते गरगर फिरतात. ठसा दाबला जाताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा नाण्यावर राहतात, हा फिरता प्रकाश त्यांचाच. एयू नाण्यात हे पट्टे फिरता फिरता उंच भागावर येऊन तुटतात. घासलेल्या नाण्यावर काहीच फिरत नाही, सगळीकडे सारखी सपाट चकाकी दिसते, आणि भिंग लावलं की एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. भिंग ५ ते १० पटीचं पुरतं.

बार्बर शिकायला सर्वांत सोपा, कारण कपाळावरच्या पट्टीवर 'लिबर्टी' कोरलेलं आहे आणि इंग्रजीतली सात अक्षरं मोजली की निम्मं काम झालं. निदान तीन अक्षरं वाचता आली तर व्हेरी गुड. सातही दिसतात पण पुसट आहेत, तर फाइन. सगळी सारख्या झिजेची आणि स्पष्ट, तर व्हीएफ. पट्टीच्या कडांसकट सगळं ठसठशीत असेल तर एक्सएफ. ही नाणी लोकांनी पंचवीस-तीस वर्षं खरोखर बाजारहाटाला वापरली, त्यामुळे आज मिळणारी बहुतेक गुडच्या आसपासची असतात. मूळ करडा रंग टिकलेला व्हीएफ बार्बर शोधायला गेलात की कळतं किती कमी आहेत ते. १९१३, १९१४ आणि १९१५ ची फिलाडेल्फियाची नाणी प्रत्येकी दोन लाखांहूनही कमी पाडली गेली, ती जपून घ्या.

चालत्या लिबर्टीकडे मन ओढतं हे खरंच. सूर्याकडे निघालेली, अंगावर ध्वज लपेटलेला, एका हातात लॉरेल आणि ओकच्या फांद्या. हीच आकृती १९८६ पासून अमेरिकेच्या एक औंसाच्या चांदीच्या 'ईगल' नाण्यावर घेतली आहे. इथे ग्रेड स्कर्टच्या रेघांवर वाचायची. साधारण निम्म्या रेघा उरल्या तर व्हेरी गुड, सगळ्या आहेत पण मधेमधे झिजल्यात तर फाइन, पायावरच्यासुद्धा स्वच्छ तर व्हीएफ. एयूमध्ये डोकं, छाती आणि डाव्या पायावर किंचित घास दिसतो.

पण या मालिकेत खरी अडचण वेगळी आहे. फांद्या धरणारा हात नाण्याच्या जवळपास मध्यावर येतो आणि मागच्या बाजूला त्याच पट्ट्यात गरुडाचं अंग. दोन्हीकडे उठाव मोठा, त्यामुळे धातू दोन्ही ठशांत पुरेसा चढत नाही. टांकसाळीतून निघतानाच हाताचा पंजा सपाट. सॅन फ्रान्सिस्कोची, म्हणजे 'एस' खुणेची नाणी याबद्दल प्रसिद्ध, १९४१ एस तर फारच. मग सपाट पंजा ही झीज की कच्चा ठसा? पुन्हा दिव्याकडे या. कच्च्या ठशात त्या सपाट जागेवरही चमक आणि धातूचा मूळ पोत असतो. झिजलेल्या जागेचा रंग बदलतो, मळकट करडा होतो, आणि फिरता पट्टा तिथे मरतो. हा फरक डोळ्यांत बसला की एयू-५८ आणि एमएस-६३ यांत गोंधळ होत नाही. दोन्हींच्या किमतींत बरंच अंतर असतं, म्हणून एवढा आग्रह.

सुरुवात करणाऱ्यांनी १९४१ ते १९४७ चा छोटा संच घ्यावा. तिन्ही टांकसाळींची नाणी सहज मिळतात आणि डोळा तयार होतो. १९२१ च्या वाटेला लगेच जाऊ नका. त्या वर्षी फिलाडेल्फियात २,४६,०००, डेन्व्हरला २,०८,००० आणि सॅन फ्रान्सिस्कोला ५,४८,००० एवढीच पडली, आणि खोट्या नाण्यांचा सुळसुळाटही तिथेच जास्त.

ज्यांच्याकडे बस्ट किंवा सीटेड आहेत त्यांनी जरूर लिहा, त्यात माझा हात कमी फिरला आहे.

अवनी_क

मस्त धागा! अगदी वेळेवर आलात. आमच्या शेजारच्या आजींनी घर विकताना माझ्या नवऱ्याला चार अर्धे डॉलर दिले, त्यांच्या वडिलांचे. एक १८५८, मागे गरुडाखाली 'ओ'. एक १९०७, तिथेच 'डी'. दोन चालत्या लिबर्टीचे, १९४२ आणि १९४३. चारही काळपट आहेत, १८५८ वाला तर जांभळट-काळा. दिवाळीत पूजेत ठेवावेत असं मनात आहे. चांदीची भांडी आम्ही टूथपेस्टने घासतो तसं करू का? की रिठ्याचं पाणी?

चंदेरी

अवनी, काहीच करू नकोस. टूथपेस्ट नाही, रिठा नाही, खायचा सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलवाला उपाय तर नाहीच नाही. पूजेत आहेत तसेच ठेव, फक्त हळद-कुंकू आणि पाणी थेट लागू देऊ नकोस, एखाद्या पारदर्शक डबीत ठेव.

तो काळा थर म्हणजे चांदीचं सल्फाइड, हवेतल्या आणि जुन्या कागदाच्या पाकिटांतल्या गंधकाने हळूहळू बसलेलं. भांड्यावरचा काळेपणा काढला तर भांड्याचं काही बिघडत नाही, ते पुन्हा वापरायचंच असतं. नाण्यावर तो थर सगळ्यात वरच्या चांदीतूनच तयार झालेला असतो. तो निघाला की त्याबरोबर ठशाच्या त्या बारीक रेघाही जातात. टूथपेस्टमध्ये तर घासणारी भुकटीच असते. एकदा चोळलंस की ओरखडे कायमचे.

जांभळट-काळा सारखा पसरलेला असेल तर अनेक संग्राहक त्या रंगासाठी जास्त पैसे मोजतात. हिरवा चिकट थर असेल तर मात्र सांग. ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातलं पीव्हीसी असतं, त्याला शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, कारण अ‍ॅसिटोनची चांदीशी काही क्रिया होत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं शुद्ध, नेलपॉलिश काढायचं नव्हे. काचेच्या वाटीत बुडवायचं, चोळायचं नाही, खिडकी उघडी, जवळ गॅस-दिवा नको. नंतर डिस्टिल्ड पाण्यातून काढून आपोआप वाळू द्यायचं.

रुपया_पुणे

ताई, उत्तम माहिती. मी राणीछाप आणि पंचम जॉर्ज रुपये जमवतो. एक तुलना सहज केली. आपला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळा, आणि चांदी ९१.६७ टक्के, तर निव्वळ चांदी साधारण १०.७ ग्रॅम. तुमच्या अर्ध्या डॉलरमध्ये ११.२५ ग्रॅम. म्हणजे अर्धा डॉलर रुपयापेक्षा थोडा भारीच. आणि १९४० मध्ये सहाव्या जॉर्जच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तशीच गोष्ट तिकडे १९६५ मध्ये झालेली दिसते.

प्रश्न असा की हे स्लॅब प्रकरण, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने आकडा देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं नाणं, इतकं गरजेचं आहे का? इकडेही आता लोक स्लॅबमधले रुपये मागतात. साध्या नाण्यावर प्लॅस्टिकचा खर्च का करायचा?

चंदेरी

साध्या नाण्यावर करूच नये. पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी १९८६ मध्ये सुरू झाली, दुसरी, एनजीसी, १९८७ मध्ये. त्याआधी बहुतेक वेळा विकणारा म्हणेल ती ग्रेड होती. घेताना व्हीएफ आणि विकताना तेच नाणं फाइन, हे सर्रास चालायचं. त्यावर त्रयस्थ माणसाचं मत सीलबंद मिळणं ही मोठी सोय झाली. पण फी, विमा आणि टपाल धरून जो खर्च येतो तो नाण्याच्या किमतीत निघणार नसेल तर उपयोग नाही. माझा नियम : नाणं खरं की खोटं यावरच मोठी रक्कम अवलंबून असेल, किंवा एका ग्रेडने किंमत खूप बदलत असेल, तरच पाठवायचं. १९४३ चं नेहमीचं नाणं साध्या डबीत सुखाने राहतं.

मृद्गंध

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

तात्या_ह्यूस्टन

चंदेरी, चांगलं लिहिलं आहेस. बस्टबद्दल विचारलंस म्हणून लिहितो. गेली कित्येक वर्षं मी कॅप्ड बस्टशिवाय दुसरं काही घेतलेलं नाही.

आधी एक कोडं सोडवतो, जे प्रत्येक नव्या माणसाला पडतं. १८२५ चा अर्धा डॉलर एक्सएफमध्ये सहज मिळतो आणि १९०० चा बार्बर मात्र गुळगुळीत. असं का? १८०४ नंतर चांदीचा पूर्ण डॉलर पाडणं थांबलं ते थेट १८३६ पर्यंत. त्या काळात अर्धा डॉलर हेच देशातलं सर्वांत मोठं चांदीचं नाणं होतं. बँका ते राखीव म्हणून तिजोरीत ठेवायच्या आणि आपापसांतले हिशेब चुकते करायला थैल्याच्या थैल्या इकडून तिकडे पाठवायच्या. लोकांच्या खिशात ही नाणी फारशी खेळलीच नाहीत. म्हणून झीज कमी, पण थैलीत एकमेकांवर आपटून पडलेले टवके पुष्कळ. बस्ट बघताना गालावरचे आणि मोकळ्या जागेतले टवके आधी बघा.

ठसे हाताने बनायचे. जॉन राइख यांचं मूळ चित्र एक, पण तारे, आकडे, अक्षरं प्रत्येक ठशावर वेगळ्या पंचने ठोकलेली. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन नाण्यांत तारा सरकलेला, २ ची शेपटी वेगळी, जुन्या वर्षाच्या ठशावर नवं वर्ष ठोकलेलं, असं सगळं सापडतं. अल ओव्हर्टन यांनी हे ठसे क्रमांक देऊन लावले, ते काम १९६७ मध्ये छापून आलं, आणि आजही आम्ही 'ओ-१०१', 'ओ-११०' असंच बोलतो. १८०७ ते १८३६ मध्ये पुढच्या-मागच्या ठशांच्या साडेचारशेच्या आसपास जोड्या आहेत. दुकानदाराने नुसतं '१८२७' लिहून ठेवलेलं नाणं ताऱ्यांवरून ओळखून दुर्मीळ जोडी निघाली की जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्या मालिकेत मिळालेला नाही.

कड बघायला विसरू नका. १८३६ पर्यंत कडेवर खाचा नाहीत, अक्षरं आहेत : 'फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर'. ठसा मारण्याआधी कोऱ्या चकतीला दोन पट्ट्यांमध्ये लोटून ही अक्षरं उमटवायचे, त्यामुळे कधी ती एकमेकांवर चढतात, कधी एखादं गायब. हा दोष धरायचा नाही. १८३६ मध्ये वाफेची मशीन आली आणि खाचांची कड सुरू झाली. त्या वर्षीची खाचांच्या कडेची नाणी १,२०० च्या आसपासच. वजनही बघा : अक्षरी कडेचं १३.४८ ग्रॅम, चांदी ८९.२४ टक्के. व्यास साधारण ३२.५ मिमी, म्हणजे बार्बरच्या डबीत ते बसायचं नाही.

ग्रेड केसांच्या बटांवर आणि खांद्याजवळच्या क्लिपवर वाचतात, पण जपून. क्लिप आणि तिच्या मागे येणारा गरुडाच्या पंखाचा वरचा भाग दोन्ही बऱ्याच ठशांत मुळातच कच्चे. मागची पट्टी, जिच्यावर 'ई प्लुरिबस उनुम' आहे, तीही तिथेच पुसट होते. नुसती क्लिप बघून ग्रेड देणारा एयू नाण्याला व्हीएफ म्हणून मोकळा होतो. चांगल्या दरात बस्ट मिळतात ते अशाच विक्रेत्यांकडे.

त्याआधीच्या, म्हणजे १८०७ पूर्वीच्या नाण्यांवर समांतर खोल रेघा दिसल्या तर घाबरू नका. चकती जड भरली की टांकसाळीतच कानशीने घासून वजन बरोबर करायचे. ठसा नंतर पडला. अशा रेघा मी सहज स्वीकारतो, अगदी चेहऱ्यावरून गेल्या असतील तरच थांबतो. १७९६ आणि १७९७ ची दोन्ही वर्षं मिळून ३,९१८ नाणी आहेत. ती मी संग्रहालयात बघतो.

रुपया_पुणे

तात्या, दंडवत. ठशांचं हे प्रकरण कंपनी सरकारच्या रुपयांतही आहे, पण इतकं क्रमवार लावलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मृद्गंध

एक शंका आहे, राग मानू नका. ग्रेड हे शेवटी मतच ना? माझ्या एका मित्राने नाणं स्लॅबमधून फोडून त्याच कंपनीकडे पुन्हा पाठवलं आणि आकडा एकने वाढून आला. मग आपण एवढा अभ्यास करायचा कशासाठी? चांदीच्या भावाने घ्यावं आणि ठेवून द्यावं.

चंदेरी

शंका रास्त आहे. हो, मतच आहे. काही सेकंदांत दोन-तीन अनुभवी माणसं बघतात आणि त्यावर आकडा ठरतो. एमएस-६४ आणि ६५ च्या सीमेवरचं नाणं आज इकडे पडेल, उद्या तिकडे. आणि कंपन्या निव्वळ झीज मोजत नाहीत, बाजारात ते नाणं कुठल्या किमतीला विकलं जातं याचाही विचार आकड्यात येतो. छातीवर किंचित घास असलेलं सुंदर नाणं एमएस-६२ म्हणून बसलेलं मी पाहिलं आहे. २००७ पासून सीएसी नावाची संस्था स्लॅबमधली नाणी पुन्हा तपासून, त्या ग्रेडला पक्की वाटली तर हिरवा स्टिकर लावते. ग्रेड देणाऱ्यांवर पुन्हा ग्रेड देणारे लागतात यातच तुमच्या शंकेचं उत्तर आहे.

पण म्हणूनच अभ्यास करायचा. आकडा जर मत असेल तर आपलं स्वतःचं मत हवंच. एकाच आकड्याची पाच नाणी समोर ठेवली तर त्यात एक उजवं असतं, दोन ठीक, दोन त्या आकड्याला कशीबशी पोचलेली. किंमत पाचांची जवळपास सारखी सांगतात. उजवं कुठलं हे ओळखता येणं एवढंच ग्रेडिंग शिकून मिळवायचं असतं. लेबल बोटाने झाकून आधी नाणं बघायचं, मनाशी आकडा ठरवायचा, मग बोट काढायचं. नाण्यांच्या प्रदर्शनात कुणीही हे फुकट करू देतं, विक्रेत्याला विचारून एकेक बघत बसावं. घरबसल्या पीसीजीएसची फोटोग्रेड चित्रं आहेत, प्रत्येक ग्रेडचा नमुना दिसतो.

चांदीच्या भावाने घ्यायचं तर १९४० नंतरची झिजलेली चालती लिबर्टी घ्या, त्यात काही गैर नाही. मात्र त्याच ढिगात कधी १९३८ डी, म्हणजे डेन्व्हरचं, दडलेलं असतं, ४,९१,६०० च पडलेलं. डी मागच्या बाजूला, डावीकडे खाली कडेजवळ. तेवढं तपासल्याशिवाय वितळवायला देऊ नका. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला ५० डॉलरजवळ गेली तेव्हा अशी किती वितळली असतील याला हिशेब नाही.

निनाद_बे_एरिया

सीटेडबद्दल मी लिहितो. ही मालिका इतिहासासाठी जमवावी असं माझं मत आहे, कारण नाण्याच्या अंगावरच देशात काय चाललंय ते दिसतं.

कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, सोनं स्वस्त आणि त्या मानाने चांदी महाग झाली, आणि अर्ध्या डॉलरमधली चांदी ५० सेंटपेक्षा जास्त किमतीची झाली. लोक वितळवू लागले, परदेशी पाठवू लागले. म्हणून फेब्रुवारी १८५३ च्या कायद्याने वजन १३.३६ वरून १२.४४ ग्रॅम केलं. नवं हलकं नाणं ओळखता यावं म्हणून वर्षाच्या दोन्ही बाजूंना बाण आणि मागे गरुडाभोवती किरण. किरण फक्त १८५३ चे, बाण १८५५ पर्यंत. १८७३ मध्ये मेट्रिकसाठी १२.५० ग्रॅम झालं तेव्हा पुन्हा दोन वर्षं बाण आले. १८६६ पासून मागे 'इन गॉड वी ट्रस्ट'. नेवाडात चांदीच्या खाणी लागल्या तेव्हा कार्सन सिटीची टांकसाळ आली, 'सीसी' खूण १८७० ते १८७८. १८७० सीसी ५४,६१७ च पाडली गेली आणि ती खाणवाल्यांच्या हातातून फिरली, त्यामुळे चांगल्या ग्रेडमध्ये जवळपास नाहीच.

सर्वांत विलक्षण नाणं १८६१ ओ, न्यू ऑर्लिन्सचं. त्या एका वर्षी तीन सरकारांनी तेच नाणं पाडलं : जानेवारीत संघ सरकारने ३,३०,०००, मग फुटून निघालेल्या लुइझियाना राज्याने १२,४०,०००, आणि त्यानंतर कॉन्फेडरसीने, म्हणजे फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या सरकारने, ९,६२,६३३. ठसे तेच, म्हणून बहुतेक नाण्यांत फरक सांगता येत नाही. काही ठसे मात्र कॉन्फेडरसीने वापरल्याचं पक्कं ठाऊक आहे. त्यातल्या एकाला लिबर्टीच्या नाकापासून कडेपर्यंत बारीक भेग गेलेली आहे, ती नाण्यावर उमटते. १८६१ ओ हाती आलं की भिंग घेऊन आधी चेहरा बघा.

हे नाणं तुलनेने सहज मिळण्याचं आणखी एक कारण : एसएस रिपब्लिक ही आगबोट १८६५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कहून न्यू ऑर्लिन्सला जाताना वादळात जॉर्जियाच्या किनाऱ्यापासून लांब बुडाली. २००३ मध्ये ती सापडली आणि ५०,००० हून जास्त नाणी वर आली, बहुतेक अर्धे डॉलर. खाऱ्या पाण्याने चांदीचा पृष्ठभाग खाल्लेला असतो, म्हणून त्यांच्यावर आकड्याऐवजी 'शिपरेक इफेक्ट' असा शेरा आहे. चंदेरींचं पृष्ठभागाचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, पण या नाण्यांना मी अपवाद करतो. त्यांचा खाल्लेला पृष्ठभागच त्यांचा दाखला आहे.

तात्या_ह्यूस्टन

निनाद, दाखला कागदावर असतो. जहाजाची डबी आणि प्रमाणपत्र हरवलं की उरतं ते खाल्लेलं नाणं. मी घेणार नाही, पण तू घेतोस ते समजू शकतो.

केतकी_डॅलस

खोट्या नाण्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे १७९४, १७९६, सीसी, १९२१ हे बहुतेक पितळ किंवा निकेलवर चांदीचा मुलामा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने प्रतिकृतीवर 'कॉपी' लिहिणं बंधनकारक आहे, पण बाहेरून येणाऱ्यांवर ते नसतंच.

घरी करता येणारी तपासणी सांगते. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९० टक्के चांदीला उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. १२.५० ग्रॅमच्या नाण्याला काटा १.२१ दाखवतो. १.४ दाखवला तर ते नाणं चांदीचं नाही. नंतर नाणं मऊ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही.

यात एक पळवाट राहते. नाणं खरं, पण टांकसाळीची खूण नंतर चिकटवलेली. साध्या १९३८ ला डी लावून विकतात. खुणेच्या बुडाशी भिंग लावा. खरी खूण जमिनीतून वर आलेली दिसते, चिकटवलेलीच्या भोवती बारीक शिवण किंवा रंगातला फरक असतो. अशी नाणी स्लॅबशिवाय घेऊ नयेत.

अवांतर : बँकेतून अर्ध्या डॉलरचे रोल मिळतात, दहा डॉलरला २० नाणी. मी कड बघून वेगळी काढते. कडेवर तांब्याची लालसर रेघ नसेल तर चांदीची शक्यता.

अवनी_क

केतकी, पाण्याचा प्रयोग केला! १८५८ चं कोरडं वजन १२.२१, पाण्यात १.१८. १९०७ चं ११.९४ आणि १.१६. चालत्या लिबर्टी दोन्ही १२.४ च्या वर. काही घासलेलं नाही, शपथ.

१८५८ मध्ये ढालीवर 'लिबर्टी'ची सातही अक्षरं दिसतात, पण मधली दोन अंधूक. १९०७ मध्ये कपाळावर पहिली दोन आणि शेवटचं, एवढीच वाचता येतात. १९४२ च्या स्कर्टवर रेघा सगळ्या आहेत, पाय मात्र सपाट. १९४३ दिव्याखाली फिरवलं तर पट्टे फिरतात, पण छातीवर येऊन थांबतात.

निनाद_बे_एरिया

भागाकार १०.३५ आणि १०.२९ येतो, दोन्ही खरी. १८५३ च्या कायद्याने वजन १२.४४, तेव्हा १२.२१ म्हणजे बेताची झीज. सातही अक्षरं असतील तर फाइन-१२ पक्की, १५ पर्यंत जाईल. न्यू ऑर्लिन्सला १८५८ मध्ये ७२ लाखांहून जास्त पडली, दुर्मीळ नाही, पण जांभळट मूळ रंगाची सगळीकडे मिळत नाहीत. मी विकत घ्यायला तयार झालो असतो.

चंदेरी

१९०७ डी तीन अक्षरांवर व्हेरी गुड-८, वजनाशीही जुळतं. १९४२ फाइन. १९४३ एयू, छातीवर पट्टा तुटतोय तिथे रंग करडा दिसतो का तेवढं बघ. तसा दिसला तर ५५ च्या आसपास. चारही मायलर नावाच्या कडक, पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात किंवा घट्ट डबीत ठेव. १९०७, १९४२ आणि १९४३ ला ३०.६ मिमीची डबी. १८५८ ला तीच बसते का ते आधी बघ, दाबून बसवू नकोस. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक आणि रबर बँड जवळ नकोत. सोबत सिलिका जेलची पुडी. आणि आजींकडून त्यांच्या वडिलांना ही कुठे मिळाली ते विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेव.

अवनी_क

छातीवर रंग करडाच आहे. आजी रविवारी येणार आहेत, विचारते. त्या म्हणत होत्या की अजून एक डबा भावाकडे आहे.

तात्या_ह्यूस्टन

त्या डब्यात कड अक्षरांची असलेलं एखादं निघालं तर ताऱ्यांचा आणि आकड्यांचा जवळून फोटो टाक, उजेड एका बाजूने ठेव. ओव्हर्टन क्रमांक मी काढून देतो.